शंभरातल्या त्या आठ जणी

किरणोपचाराला आमच्या ओपीडीतल्या बायका ‘शेक’ म्हणतात. मोठ्या यंत्राखाली झोपून घ्यायचा तो बाहेरचा शेक, आणि ब्रॅकीथेरपीचा तो आतला शेक. केमोथेरपी म्हणजे सलाईन, बायॉप्सी म्हणजे तुकडा. गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणजे ‘पिशवीच्या तोंडाचा’, आणि त्यापुढचा शब्द बहुतेक जणी गिळूनच टाकतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ‘शेक’ हा शब्द साफ चुकीचा आहे. माणूस दगावेल एवढी मात्रा सबंध अंगाला दिली, तरी शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंच वाढतं. तरी मी तो शब्द कधी दुरुस्त केला नाही. शेकाने दुखणं उतरतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि आमच्या भयंकर यंत्राला त्यांनी दिलेलं ते घरगुती नाव मला बरंच वाटायचं.

पाच आठवडे रोज बाहेरचा शेक, आठवड्याला एक सलाईन, मग तीन-चार वेळा आतला शेक, आणि हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे, असं वेळापत्रक सांगून झालं की फाईल छातीशी धरून बसलेली बाई एकच प्रश्न विचारते. बार्शी-परांड्याकडची असली तर म्हणते, “पर मला लागू पडंल का वो डॉक्टर?”

मी उत्तर देत आलो ते टक्केवारीत. अमुक टप्प्यातल्या शंभरपैकी इतक्या जणी बऱ्या होतात, वगैरे. नातेवाईक मान डोलावत. ती मात्र माझ्याकडे बघत राहायची, कारण तिने शंभर जणींची चौकशी केलेलीच नसायची. गाठीतल्या जनुकांची सक्रियता वाचून किरणोपचाराचा परिणाम आधी सांगता येईल का, हा या पुस्तकाचा विषय त्या नजरेतून सुरू होतो. निदान माझ्यापुरता तरी.

मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातल्या एका चाचणीचे आकडे इथे मांडतो, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. २००३ ते २०११ या काळात ८५० बायका या चाचणीत आल्या. सगळ्यांचा रोग ‘थ्री-बी’ टप्प्यातला, म्हणजे गाठ ओटीपोटाच्या भिंतीला भिडलेली किंवा मूत्रवाहिनी दाबून किडनी फुगवणारी. निम्म्या जणींना नुसता शेक दिला, निम्म्या जणींना शेक आणि सिस्प्लाटिनचं सलाईन. पाच वर्षांनी नुसत्या शेकवाल्यांत शंभरी ४६ जिवंत होत्या, सलाईनवाल्यांत ५४. निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. अशा बळावलेल्या रोगातही सलाईनचा उपयोग होतो, हे त्याने दाखवून दिलं.

आता हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचून बघा. ढोबळ हिशेबाने शंभरातल्या ४६ जणी नुसत्या शेकानेही वाचल्या असत्या. त्यांनी सलाईनच्या उलट्या आणि किडनीवरचा ताण फुकट सोसला. दुसऱ्या ४६ दोन्ही उपचार घेऊनही गेल्या. त्यांना तिसरंच काही हवं होतं. मधल्या आठ जणींसाठी आपण शंभरही जणींना सलाईन लावलं. पहिल्या दिवशी बाकावर बसलेल्या या शंभर जणींत कोण कुठल्या घोळक्यातली, ते ओळखायची काहीही सोय आमच्याकडे नव्हती.

योगायोग असा, की पुढच्या दोन मोठ्या चाचण्यांतही हाच आठ पुन्हा भेटतो. ‘इंटरलेस’ चाचणीत शेकाआधी सहा आठवडे कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दिलं. भारतासह पाच देशांतल्या ५०० रुग्ण होत्या, आणि पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या ७२ वरून ८० टक्क्यांवर गेल्या. ‘कीनोट-ए१८’मध्ये शेक-सलाईनला पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड दिली, तीन वर्षांचा आकडा ७४.८ वरून ८२.६ झाला. तिन्ही ठिकाणच्या रुग्ण वेगळ्या, टप्पे वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून बेरीज करायची नाही हे मला समजतं. तरीही दर वेळी नवं औषध यावं, सगळ्या शंभर जणींना द्यावं आणि पदरात आठ पडाव्यात, हा क्रम किती दिवस चालवायचा? पेम्ब्रोलिझुमॅबची किंमत सांगितल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती ज्याने ऐकली आहे, त्याला ‘त्या आठ कोण’ हा प्रश्न केवळ शास्त्रीय वाटणार नाही.

जनुकांची सक्रियता म्हणजे काय, ते पुस्तकात विस्ताराने येईलच. इथे एका वाड्याने काम भागवतो. चाळीस बिऱ्हाडांच्या वाड्यात वीजजोडणी सगळ्यांकडे असते. जोडण्यांची यादी वाचून आत काय चाललंय ते कळत नाही. त्यासाठी जिन्याखालचे मीटर बघावे लागतात. कुणाचा मीटर भिंगरीसारखा फिरतोय, कुणाचा महिनोन्महिने थिजलेला. पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे वीस हजार जनुकं असतात. त्यांतलं जे कामाला लागतं, त्याच्या संदेश-आरएनएच्या प्रती निघतात. त्या प्रती मोजणं म्हणजे मीटर वाचणं. मेणात बुडवलेला नि रंग देऊन काचेवर पसरलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा पॅथॉलॉजिस्ट वाड्याचं बांधकाम बघतो. दोन वाडे बाहेरून तंतोतंत सारखे दिसतात, आणि एकात रात्रभर गिरणी चालू असते.

ती गिरणी किरणांच्या बाबतीत महत्त्वाची का? किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. रोजच्या दोन ग्रे मात्रेने एका पेशीच्या डीएनएचे दोन्ही पदर एकदम तुटण्याच्या ऐंशीच्या आसपास घटना होतात. त्या सांधता आल्या तर पेशी जगते, नाही आल्या तर पुढच्या विभाजनात मरते. सांधणारी यंत्रणा किती जोरात आहे, मरणाचा हुकूम सोडणारी प्रथिनं शाबूत आहेत का, प्रतिकारपेशी गाठीत शिरल्या आहेत का, हे सगळं मीटरवर उमटतं. त्यात या रोगाला एक विषाणू जन्म देतो. एचपीव्ही या त्या विषाणूचं ई-सिक्स हे प्रथिन पेशीचा पी-५३ हा पहारेकरी नाहीसा करतं आणि ई-सेव्हन दुसरा लगाम तोडतं. या विषाणूचा धागा पकडणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

किरणांना मानवी पेशी किती दाद देतात, हे मोजायची सुरुवातच या रोगापासून झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखात रेडियमच्या नळ्या ठेवल्या गेल्या. त्याच वेळी तिला न विचारता एक तुकडा काढला गेला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. जगभर पोचलेल्या त्या हेला पेशी. लॅक्सबाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी गेल्या. रेडियम त्यांना लागू पडलं नाही. पाच वर्षांनी कोलोरॅडोत थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी हेला पेशींवर क्ष-किरण सोडून प्रत्येक मात्रेला किती पेशी तगतात याचा आलेख काढला. मानवी पेशींचा तो पहिला आलेख. आपण समजत होतो त्याहून त्या पुष्कळच नाजूक निघाल्या.

त्या आलेखावरचा एक बिंदू पुढे आमच्या धंद्यात फार बोलबाल्याचा झाला : दोन ग्रे दिल्यावर किती पेशी जगल्या. मँचेस्टरमध्ये कॅथरिन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या गाठींचे तुकडे घेऊन, त्यातल्या पेशी बशीत वाढवून, प्रत्येकीचा हा आकडा काढला. १९९७ साली १२८ रुग्णांचा लेखाजोखा आला. ज्यांच्या पेशी बशीत जास्त तगल्या, त्यांच्यात रोगही जास्त उलटला. ‘लागू पडंल का’ याचं उत्तर गाठच देऊ शकते, याचा मला वाटतं हा सर्वांत सरळ पुरावा. पण पेशींच्या वसाहती वाढायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि सगळ्याच गाठींच्या पेशी वाढत नसत. रक्तस्राव होत असलेल्या बाईला ‘महिनाभराने या, तोवर बशीत काय उगवतं ते बघू’ असं कोण सांगणार? चाचणी खरी ठरली आणि दवाखान्यात कधीच आली नाही.

जनुकांचा मोह इथे पडतो. वसाहती वाढवण्यापेक्षा मीटर वाचणं दिवसांचं काम. अमेरिकेत टॅम्पाच्या मॉफिट केंद्रात हाविएर तोरेस-रोका यांच्या गटाने दहा जनुकांच्या सक्रियतेवरून तो दोन ग्रेचा आकडा अदमासायचं सूत्र बसवलं, आणि २०१७ साली त्यावरून प्रत्येक रुग्णाला मात्रेचा ‘खरा’ परिणाम किती मिळतो ते मोजायची पद्धत मांडली. कल्पना मोठी देखणी आहे. मला मात्र एक गोष्ट खटकत राहते. ते सूत्र ज्या पेशीसंचावर बसवलं, त्या अमेरिकी संचात फुप्फुस, आतडं, स्तन, मेंदू, सगळं आहे. गर्भाशयमुखाची एकही पेशी नाही. हेलापासून निघालेली दिंडी पंढरीला पोचली, आणि हेलाच मागे राहिली.

मधल्या काळात सरळ याच रोगावर मीटर वाचायचे प्रयत्न झाले. २००२ साली जपानी संशोधकांनी २३ हजारांवर जनुकं एका काचेवर बसवून, शेक घेतलेल्या १९ रुग्णांचे तुकडे तपासले आणि दाद देणाऱ्या व न देणाऱ्या गाठी वेगळ्या करणारी ६२ जनुकं काढली. मग हाँगकाँग, टेक्सास, टोरँटो, अशी रीघ लागली. प्रत्येकाची यादी निराळी. एका यादीतली जनुकं दुसऱ्या यादीत सापडायची मारामार.

यात लबाडी नव्हती, गणित होतं. १९ बायका आणि २३ हजार मीटर असले, की नुसत्या योगायोगानेही शेकडो मीटर बऱ्या झालेल्यांना एकीकडे आणि न झालेल्यांना दुसरीकडे बसवतात. वर्गातल्या १९ मुलांच्या अंगावरच्या हजार खुणा टिपल्या, तर पास होणाऱ्यांच्याच डाव्या कोपरावर तीळ असल्याचा शोध हमखास लागतो. पुढच्या वर्षीच्या वर्गात तो तीळ कामाला येत नाही. २००५ साली फ्रेंच संशोधकांनी कर्करोगाचं भाकीत करणारे तेव्हाचे सात मोठे अभ्यास पुन्हा चाळले, रुग्णांचे गट वारंवार उलटसुलट पाडून. सातांपैकी पाच नाणेफेकीपेक्षा सरस ठरले नाहीत. त्या सुमाराला मीही एका परिषदेत अशाच एका यादीवर जोरजोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

आणखी एक गुंता आहे, आणि तो मला गणिताहून अवघड वाटतो. एखादा मीटर जोरात फिरतोय आणि ती बाई दगावली, यावरून काय सिद्ध होतं? गाठ किरणांना दाद देत नव्हती असंही असेल, किंवा गाठीचा स्वभावच असा खुनशी असेल की काहीही दिलं असतं तरी हेच झालं असतं. दोन्ही वेगळे काढायचे तर काही जणींना शेक न देता बघावं लागेल, आणि ते कुणी करणार नाही, करूही नये. त्यामुळे ‘किरणांना प्रतिसाद सांगणारी जनुकं’ म्हणून छापून आलेल्या यादीत खरोखर किरणांबद्दल बोलणारी किती आणि नुसती वाईट बातमी देणारी किती, हे दर वेळी विचारायला हवं.

या गोंधळात एक वाट मला भक्कम वाटते, ती प्राणवायूची. थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी १९५५ साली गाठींचे काप पाहताना एक साधी गोष्ट टिपली. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागापलीकडे गाठीतल्या पेशी मेलेल्या असतात, कारण प्राणवायू तिथवर पोचतच नाही. मेलेल्यांची चिंता नाही. काठावर गुदमरत जगणाऱ्या पेशींना मारायला मात्र जवळजवळ तिप्पट किरण लागतात, कारण किरणांनी केलेली मोडतोड पक्की करायला प्राणवायूच लागतो. माइन्झमध्ये १९९६ साली गर्भाशयमुखाच्या गाठींत सुईसारखा इलेक्ट्रोड खुपसून प्राणवायूचा दाब मोजला गेला. ज्यांच्या गाठी गुदमरलेल्या, त्यांची गत वाईट. ही मोजणी बशीतल्या वसाहतींइतकीच अव्यवहारी. पण पेशी गुदमरली की ठरावीक जनुकं चालू करते. ती कशी, हे उलगडल्याबद्दल २०१९ चं नोबेल दिलं गेलं. ऑस्लोच्या संशोधकांनी एमआरआय आणि तुकडा शेजारी ठेवून, गुदमरलेल्या गाठी ओळखणारी सहा जनुकं २०१६ साली मांडली. फक्त सहा. त्यामागे कारण आहे, आणि यंत्र जे सांगतं नि जनुकं जे सांगतात ते एकमेकांशी ताडून पाहता येतं. म्हणून ६२ च्या यादीपेक्षा या सहांवर माझा विश्वास जास्त.

आपल्याकडे या प्राणवायूच्या गोष्टीला एक जोड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना पंडुरोग होता. त्यात महिनोन्महिने अंगावरून जात असलेली बाई सात हिमोग्लोबिन घेऊन येते. रक्त चढवून गाठीतला श्वास सुधारतो का, यावर भांडणं जुनी आहेत. रक्त वाढवणारं एरिथ्रोपॉएटिन टोचून बघण्याची अमेरिकेतली चाचणी तर रक्तात गुठळ्यांची भीती उभी राहिल्याने मध्येच बंद करावी लागली.

गाठ गुदमरलेली आहे हे कळलं, तर पुढे काय? हा प्रश्न मी प्रत्येक भाकिताला विचारतो. उत्तर बदललं नाही तर जनुकांची तपासणी आणि पत्रिका यांत मला फरक दिसत नाही. पत्रिका तर स्वस्त पडते. इथे निदान हाताशी काही आहे. डेन्मार्कमध्ये घशाच्या कर्करोगात शेकाबरोबर निमोराझोल देतात. जुलाबावरच्या मेट्रोनिडॅझोलचं ते चुलत भावंड, आणि प्राणवायूची उणीव थोडी भरून काढतं. ब्रिटनमधल्या अलीकडच्या चाचणीत मात्र त्याचा गुण दिसला नाही. गर्भाशयमुखात आतला शेक हे आणखी मोठं हत्यार आहे. एमआरआय पाहून नळ्या आणि मात्रा बसवण्याच्या पद्धतीने युरोपातल्या ‘एम्ब्रेस’ अभ्यासात पाच वर्षांनी ९२ टक्के जणींच्या गर्भाशयमुखापाशी रोग परतला नव्हता. म्हणजे जागच्या जागी बऱ्याच गाठी हरतात. बाई दगावते ती बहुतेक दूर पसरलेल्या रोगाने. तेव्हा जनुकांनी सांगावं ते हेही : हिला शेक पुरेल, हिला आधी सहा आठवड्यांचं औषध द्या, हिच्यासाठी ते महागडं इंजेक्शन मागा.

तुकड्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण प्रयोगशाळेतले लोक ते लिहीत नाहीत. गर्भाशयमुखातून चिमट्याने काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. पाच सेंटिमीटरच्या गाठीच्या एका कोपऱ्यातला दाणा. टोरँटोत ११ रुग्णांच्या गाठींतून ३३ तुकडे घेऊन पाहिलं, तेव्हा काही जनुकं एकाच गाठीच्या दोन टोकांना वेगळं बोलताना दिसली. शिवाय आरएनए हा पराकोटीचा नाशवंत जिन्नस. आपल्या बोटांच्या घामातली विकरंच त्याचा चुरा करतात. मी ज्या रुग्णालयात काम करत होतो तिथे एका अभ्यासासाठी आम्ही नऊ तुकडे जपून ठेवले होते. द्रवरूप नायट्रोजनचा डबा सुट्टीच्या दिवशी कोरडा पडला, भरायची पाळी कुणाची हे कागदावर नव्हतं. आरएनए किती शाबूत आहे याला दहापैकी गुण देतात. सोमवारी आमच्या नऊही तुकड्यांना दोनच्या आसपास पडले. नऊ बायकांनी ‘पुढच्यांना उपयोग होईल’ म्हणून अंगठे दिले होते. ऑस्लोची सहा जनुकं बार्शीला न्यायची, तर आधी त्या डब्याची सोय लावावी लागेल.

आणि बार्शीला न्यायलाच हवीत, कारण हा रोग तिथे आहे. जगात वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास नव्या रुग्ण आणि साडेतीन लाख मृत्यू. त्यांतल्या सव्वा लाख रुग्ण आणि ऐंशी हजारांच्या घरातले मृत्यू एकट्या भारतात. जनुकांचा सर्वांत मोठा खजिना, २०१७ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी कर्करोग-जनुक नकाशा, २२८ गाठींचा आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच शस्त्रक्रियेने काढता येण्याजोग्या लवकरच्या टप्प्यातल्या. शेकाला येणारी आमची थ्री-बीची बाई त्या नकाशात जवळपास नाहीच. २०२० मध्ये युगांडातल्या ११८ गाठींचा अभ्यास आला, त्यात निम्म्याहून जास्त जणींना एचआयव्ही होता. तसं काम आपल्याकडच्या रुग्णांवर, शेकाच्या निकालासकट, व्हायला हवं.

कुणी म्हणेल, हा रोग टाळता येतो तर एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये जगाला कळलं. पुण्यात बनलेली लसही आता आहे. पण आज लस घेणारी मुलगी या रोगाच्या वयाला पोचायला तीस वर्षं आहेत, आणि तिची आई आज बाकावर बसली आहे.

माझ्या आठवणीत दोघी जणी आहेत. एकाच तालुक्यातल्या, एकाच आठवड्यात आलेल्या, दोघींचाही रोग थ्री-बी. पंचवीस बाहेरचे शेक, पाच सलाईन, तीन आतले शेक, दोघींना सारखेच. आतल्या शेकाच्या खोलीत नळ्या बसवल्यावर आम्ही सगळे बाहेर येतो. यंत्रातून तारेच्या टोकावरचा इरिडियमचा कण खट् आवाज करत आत सरकतो, आणि कॅमेऱ्यात फक्त तिचे ओठ हलताना दिसतात. त्यांच्यातली धाकटी मला नंतर म्हणाली, की ती आत जात्यावरच्या ओव्या म्हणत होती, किती झाल्या त्यावरून वेळ मोजायला. दर खेपेला एक ओवी जास्त लागते. ते खरं होतं. इरिडियम ७४ दिवसांत अर्धं होतं, म्हणून तेवढाच शेक द्यायला दर आठवड्याला यंत्र थोडं जास्त वेळ चालवावं लागतं.

थोरली पाच वर्षं तपासणीला येत राहिली, येताना शेंगाचटणी घेऊन. धाकटी चौदाव्या महिन्यात फुप्फुसात पसरलेल्या रोगाने गेली. दोघींचे तुकडे एकाच दिवशी पॅथॉलॉजीत गेले होते, त्यामुळे त्यांचे नंबर लागोपाठचे. मेणाच्या वड्यांत बसवलेले ते तुकडे तळघरातल्या लाकडी खणात अजून शेजारी शेजारी आहेत. मेणातला जुना आरएनए तुटका असला तरी सहा जनुकांपुरता आता वाचता येतो.